विझडल

जुन्या सोप सेवेच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून डब्ल्यूएसडीएल अशी चार रोमन अक्षरं लिहिली आणि एंटर दाबलं, की विझडल समोर येऊन उभा राहतो. त्याचं पूर्ण नाव वेब सर्व्हिसेस डिस्क्रिप्शन लँग्वेज, म्हणजे वेब सेवांचं वर्णन लिहायची भाषा, पण ऑफिसात त्या नावाने त्याला कोणी हाक मारत नाही. अंगाने थोराड, बोलणं संथ. सुरुवातीच्या कितीतरी ओळी नुसत्या नेमस्पेसच्या असतात. हे लांबलचक पत्ते उघडून पाहण्यासाठी नसतात, एकाच नावाच्या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये म्हणून असतात. मग टॅगच्या पोटात टॅग. नवख्या मुलाला वाटतं, एवढं साधं काम सांगायला हा एवढा वेळ का घेतो?

वेळ लागतो, कारण तो काहीच गृहीत धरत नाही. माणूस माणसाला काम सांगतो तेव्हा अर्धं सांगितलं तरी भागतं, उरलेलं ऐकणारा समजून घेतो. विझडलचा श्रोता मात्र दुसरा संगणक. त्याला अंदाज बांधता येत नाही. म्हणून विझडल चार गोष्टी सांगतो: मी कोणती कामं करतो, प्रत्येक काम कोणत्या शब्दांत आणि कोणत्या क्रमाने मागायचं, उत्तर कोणत्या स्वरूपात येईल, आणि मी कुठे भेटेन. यातलं एकही वाक्य मोघम नसतं. जे ठाऊक नाही त्याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. हा त्याचा मोठा गुण, आणि त्याच्याबद्दलची माझी सगळी तक्रारही याच गुणाशी येऊन थांबते.

त्याचा जन्म 2000 सालचा. कंपन्यांनी आपली कामं इंटरनेटवरून एकमेकींच्या प्रोग्रामना खुली करावीत, ही कल्पना तेव्हा जोरात होती. निरोप कसा पाठवायचा हे सोप नावाच्या प्रोटोकॉलने सांगितलं होतं, पण निरोपात काय घालायचं हे प्रत्येक जण आपापल्या परीने सांगत होता. आयबीएमकडे नॅसल नावाची एक वर्णनभाषा होती, मायक्रोसॉफ्टकडे सोप काँट्रॅक्ट लँग्वेज होती. हाडवैर असलेल्या या दोन घराण्यांनी आपापल्या भाषा बाजूला ठेवल्या आणि अरिबा या खरेदीव्यवहाराच्या कंपनीला सोबत घेऊन एकच मसुदा केला. 15 मार्च 2001 रोजी त्याची 1.1 ही आवृत्ती वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमकडे दाखल झाली. लेखक चार: मायक्रोसॉफ्टचे एरिक क्रिस्टेन्सन आणि ग्रेग मेरेडिथ, आयबीएमचे फ्रान्सिस्को कर्बेरा आणि संजीव वीरवर्णा. यातले वीरवर्णा श्रीलंकेचे. पुढे त्यांनी डब्ल्यूएसओटू ही कंपनी उभी केली.

विझडलच्या घराण्यात त्याच्याआधीही वर्णन करणारे होऊन गेले होते. कोर्बा या यंत्रणेची आयडीएल ही वर्णनभाषा होती, कॉम या दुसऱ्या यंत्रणेची वेगळी आयडीएल होती. त्या भाषा कामाचा आराखडा नीट सांगत, पण काम कुठल्या तारेवरून मागायचं आणि कुठल्या दारावर जायचं हे त्यांच्या यंत्रणेने आधीच ठरवलेलं असे. विझडलने दोन्ही गोष्टी लिहून काढल्या आणि वेगवेगळ्या ठेवल्या. वरच्या भागात टाइप्स, मेसेज आणि पोर्टटाइप: काम काय आहे, त्यात कोणती माहिती लागते. खालच्या भागात बाइंडिंग, पोर्ट आणि सर्व्हिस: तेच काम प्रत्यक्षात कोणत्या मार्गाने, कोणत्या पत्त्यावर. उद्या मार्ग बदलला तर वरच्या भागाला हात लावावा लागत नाही. ही विभागणी मला आजही देखणी वाटते. पंचवीस वर्षांत बरंच काही मोडीत निघालं, हा विचार टिकला.

त्याच्या मूळ मसुद्यातलं पहिलं उदाहरण मी अनेकांना उघडून दाखवतो. शेअरचा भाव सांगणारी ती एक छोटी सेवा आहे. काम एकच: गेटलास्टट्रेडप्राइस, म्हणजे शेवटचा सौदा ज्या भावाने झाला तो भाव. मागणीत एक गोष्ट पाठवायची, शेअरचं बाजारातलं संक्षिप्त नाव, आणि ते अक्षरांत. उत्तरात एक गोष्ट मिळते, भाव, आणि तो दशांश आकड्यात. मार्ग एचटीटीपी. पत्ता नमुन्यापुरता, एक्झाम्पल डॉट कॉमचा. सेवेच्या पोटात माणसांसाठी एक टीप आहे, मोजून तीन इंग्रजी शब्दांची, आणि तिचा अर्थ: माझी पहिली सेवा. एवढ्या काटेकोर दस्तऐवजात तेवढीच ओळ मऊ आहे. ती वाचताना मला दर वेळी बरं वाटतं.

आता हेच उदाहरण भाव विचारायला आलेल्या माणसाच्या नजरेने वाचून पाहा. भाव आकड्यात मिळेल हे कळलं. पण डॉलरमध्ये की येनमध्ये? लिहिलेलं नाही. शेवटचा सौदा म्हणजे आत्ताचा, की वीस मिनिटांपूर्वीचा? लिहिलेलं नाही. उत्तर पाव सेकंदात येईल की अर्ध्या मिनिटात? बाजार ऐन भरात असताना सगळेच एकदम विचारायला लागले तर? सेवा रात्री बंद असते का? बंद पडली तर जबाबदार कोण? विझडल गप्प. खोटं बोलत नाही, टाळतही नाही. हे प्रश्न त्याला कोणी शिकवलेलेच नाहीत.

त्याला जे शिकवलं होतं त्यात तो पक्का होता. ज्यांनी त्याच्याआधी दोन कंपन्यांच्या प्रणाली जोडल्या आहेत, त्यांनाच त्याची खरी किंमत कळेल. पूर्वी समोरच्याकडून वर्डची फाइल यायची. त्यात तक्ते. रकान्याचं नाव एक, प्रत्यक्षात पाठवलेलं नाव दुसरं. तारीख दिवस-महिना की महिना-दिवस, यावर आठवडाभर ईमेल चालायचे. विझडल आला आणि ती फाइल माणसाने वाचायची गरजच संपली. मायक्रोसॉफ्टकडे डब्ल्यूएसडीएल डॉट ईएक्सई, अपाचे अ‍ॅक्सिसकडे डब्ल्यूएसडीएल-टू-जावा. साधनाला पत्ता दिला की काही सेकंदांत प्रत्येक कामासाठी तयार क्लास हातात. पलीकडची सेवा जावामध्ये, आपण सी-शार्पमध्ये, आणि तरी पहिल्याच हाकेला ओ मिळायची. अशी पहिली ओ ऐकलेल्या माणसाला विझडलच्या लठ्ठपणाचं काही वाटेनासं होतं.

दर वेळी ओ मिळायचीच असं मात्र नाही. तरुणपणी त्याने लोकांना फार मोकळीक दिली होती. निरोप आरपीसी पद्धतीने बांधा किंवा डॉक्युमेंट पद्धतीने, आतली माहिती एन्कोडेड ठेवा किंवा लिटरल. या जोड्यांपैकी कोणतीही उचला, विझडलच्या नियमांत ती बसायची. परिणाम असा की दोन्ही बाजू नियम पाळत होत्या आणि तरी एकमेकींना कळत नव्हत्या. शेवटी डब्ल्यूएस-आय ही उद्योगसंस्था पुढे आली. तिने बेसिक प्रोफाइल नावाची आचारसंहिता लिहिली आणि एन्कोडेड प्रकार वापरायला मनाई केली. वर्णनाची भाषा जितकी मोकळी, तितकं दोघांचं जमणं अवघड, हे त्या काळात प्रणाली जोडणाऱ्या प्रत्येकाने आपल्या हाताने अनुभवलं.

मग त्याला रीतसर मोठं करायचं ठरलं. 1.1 ही कन्सॉर्शियमची अधिकृत शिफारस कधीच नव्हती, ती नुसती दाखल केलेली टिपणी होती. सदस्य कंपन्यांनी दिली, संस्थेने प्रसिद्ध केली, पण अनुमोदन दिलं नाही. कार्यगट बसला. आवृत्ती 1.2 म्हणून सुरू झालेलं काम इतकं वाढलं की तिला 2.0 म्हणावं लागलं. शिफारस प्रसिद्ध झाली 26 जून 2007 रोजी. पोर्टटाइपचा इंटरफेस झाला, पोर्टचा एंडपॉइंट झाला, मेसेज हा स्वतंत्र भाग गेला. या कामात गणिताधारित झेड नोटेशन वापरलं गेलं. भाषेचे नियम गणिती विधानांत उतरवून ते फझ नावाच्या तपासनिसाकडून तपासून घेतले. एका वर्णनभाषेचंच इतकं कसून वर्णन केलं गेलं. कार्यगटाने घेतलेल्या या मेहनतीबद्दल मला मनापासून आदर आहे.

2.0 समजावण्यासाठी लिहिलेल्या प्राइमरमध्ये एक काल्पनिक हॉटेल आहे. दूरच्या बेटावरचं हे ग्रेटएच. खोल्या चांगल्या, दर चांगले, तरी गिऱ्हाईक प्रतिस्पर्धी हॉटेलात जातं. ग्रेटएचचं आरक्षण फोन आणि फॅक्सवर चालतं, आणि प्रतिस्पर्ध्याकडे वेब सेवा आहे. मग ग्रेटएच आपली सेवा लिहितं: येण्याची तारीख, जाण्याची तारीख आणि खोलीचा प्रकार द्या, दर घ्या. खोली नसेल तर दर शून्य. या उदाहरणात एक छोटी खूण आहे, सेफ. खोली आहे का हे विचारणं सेफ आहे. नुसतं विचारल्याने विचारणारा कशालाही बांधला जात नाही. विझडलच्या एवढ्या मोठ्या आयुष्यात स्वरूप सोडून वागणुकीबद्दल तो बोलल्याची ही जवळजवळ एकमेव जागा. पुढे मात्र तो पुन्हा गप्प. फॅक्सपेक्षा हे उत्तर लवकर येईल का, हेही ग्रेटएचच्या फाइलीत नाही. प्रतिस्पर्ध्याकडे गिऱ्हाईक तर बहुधा त्यासाठीच वळलं होतं!

जगाने 2.0 घेतलं नाही. ज्यांच्या प्रणाली 1.1 वर चालत होत्या त्यांनी बदल केला नाही, आणि नवे लोक तोपर्यंत रेस्ट नावाच्या साध्या पद्धतीकडे निघाले होते. अनुमोदन नसलेली टिपणी बँकांत, विमा कंपन्यांत, सरकारी कचेऱ्यांत राबत राहिली, आणि इतक्या मेहनतीने तपासलेली शिफारस कपाटात राहिली.

विझडलच्या मौनाकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं असं नाही. त्याच्या जन्माच्याही आधी, 1998 मध्ये, एचपीच्या प्रयोगशाळेत स्वेन्ड फ्रोलुंड आणि यारी कोइस्टिनेन यांनी क्यूएमएल नावाची भाषा मांडली होती. तिचा विषयच गुणवत्ता. विश्वासार्हता म्हणजे काय, तर वर्षाला किती वेळा बंद पडते, पुन्हा उभी राहायला किती सेकंद लागतात, किती टक्के वेळ उपलब्ध असते. आणि प्रत्येक मापापुढे हेही लिहायचं की आकडा वाढणं चांगलं की घटणं. हे एवढंसं वाटणारं कलम फार महत्त्वाचं आहे. त्याशिवाय दोन सेवांतली सरस कोणती हे संगणकाला ठरवताच येत नाही.

आणि ठरवण्याचंच तर तेव्हा सगळ्यांचं स्वप्न होतं. यूडीडीआय नावाची जागतिक नोंदवही उघडली होती. सेवा तिथे नाव नोंदवतील, गरजू प्रोग्राम तिथे येऊन शोधतील आणि माणसाचा हात न लागता निवड करतील. शोधणार स्वरूपावरून, हे विझडलने सोपं केलं. निवडणार कशावरून? सारखंच काम करणाऱ्या दहा सेवा असतील तर स्वरूप सगळ्यांचं सारखंच. फरक होता तो वेगाचा, खात्रीचा, किमतीचा, आणि नोंदवहीत त्याची ठरलेली जागा नव्हती. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि एसएपी यांनी आपली सार्वजनिक नोंदवही जानेवारी 2006 मध्ये बंद केली. कारणं पुष्कळ दिली जातात. माझ्या मते हे त्यांतलं मोठं.

गुणवत्तेवर सगळ्यात खोल विचार केला तो डब्ल्यूएसएलएने. आयबीएमच्या संशोधकांची ही भाषा, तिचं विनिर्देशपत्र 2003 चं. विझडलची ती पाठची बहीण म्हणावी. तो काम सांगतो, ती त्या कामाबद्दलचं वचन लिहून ठेवते. नुसतं वचन लिहून ती थांबत नाही. मोजायचं काय, कुठल्या घटकांवरून, कोणत्या सूत्राने, किती वेळाने, हे ती पायरीपायरीने लिहायला लावते. वचनाला अट घालता येते, म्हणजे मिनिटाला अमुक मागण्यांपर्यंत उत्तर तमुक वेळात. वचन मोडलं तर कोणी कोणाला कळवायचं तेही तिच्यात असतं. आणि तिची मला सर्वांत प्रिय गोष्ट म्हणजे देणारा आणि घेणारा यांच्याखेरीज तिसऱ्या पक्षाला तिच्यात मानाची जागा आहे. मोजणारा वेगळा, अट मोडली का हे ठरवणारा वेगळा. दुकानदाराच्या वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, तो ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी.

एवढी सगळी कलमं कशाला, असं वाटेल. एकच आकडा घेऊन पाहू. समजा सेवेने वचन दिलं की उत्तराचा सरासरी वेळ अर्ध्या सेकंदाच्या आत राहील. शंभर मागण्या आल्या. नव्याण्णव उत्तरं 0.1 सेकंदात गेली, एकाला 20 सेकंद लागले. बेरीज 29.9, सरासरी 0.3 च्याही आत. वचन पाळलं गेलं. आणि तो एक माणूस वीस सेकंद पडद्याकडे बघत बसला, बहुधा दुसऱ्यांदा बटण दाबून मोकळा झाला, आणि आता त्याचे पैसे दोनदा कापले गेले आहेत का याची त्याला धास्ती. सरासरीऐवजी ‘शंभरातल्या नव्याण्णवांहून जास्त उत्तरं दोन सेकंदांच्या आत’ असं लिहिलं असतं तर हाच प्रसंग वचनभंग ठरला असता. क्यूएमएलमध्ये हे टक्क्याच्या भाषेत लिहिण्याची सोय 1998 मध्येच होती.

उपलब्धतेचंही तसंच. 99.9 टक्के हा आकडा करारात भारदस्त दिसतो. तीस दिवसांच्या महिन्यात 43,200 मिनिटं असतात, म्हणजे सुमारे 43 मिनिटं बंद राहण्याची मुभा. 99 टक्के म्हटलं की तीच मुभा सात तास बारा मिनिटांची होते. ही मिनिटं कधीची? पहाटे तीनची की विवरणपत्र भरायच्या शेवटच्या संध्याकाळची? आणि घड्याळ कोणाचं? सर्व्हरच्या खोलीत मोजलं तर सगळं आलबेल, रस्त्यावरच्या मोबाइलवरून मोजलं तर सेवा तासभर मिळालीच नाही, असं होऊ शकतं. दोघेही खरं बोलत असतात. डब्ल्यूएसएलए विचारते, मोजमाप नेमकं कुठे बसून करणार ते आधी लिहा.

तिच्यानंतर 2007 मध्ये ओपन ग्रिड फोरमची डब्ल्यूएस-अ‍ॅग्रीमेंट आली. त्याच वर्षी डब्ल्यूएस-पॉलिसीला कन्सॉर्शियमची शिफारस मिळाली, पण तिचा भर सुरक्षा, विश्वसनीय पोच अशा अटींवर होता, वेळेच्या आकड्यांवर नव्हता. विद्यापीठांतून आणखीही भाषा निघाल्या. चांगले प्रबंध झाले. व्यवहारात यातली एकही विझडलइतकी रुजली नाही.

असं का झालं, यावर मी बराच विचार केला आहे. स्वरूप चुकलं तर प्रोग्राम तिथल्या तिथे थांबतो, म्हणून स्वरूपाची फाइल दोघांनाही हवीच असते. गुणवत्ता एका निरोपात दिसतच नाही. हजारो निरोपांच्या ओळीतून ती हळूहळू दिसते, आणि तोवर काम तर चालूच असतं. शिवाय गुणवत्तेच्या वचनामागे दंडाचे पैसे असतात. पैसे आले की वकील येतात, आणि वचन यंत्राला वाचता येणाऱ्या फाइलीतून निघून पंचवीस पानी पीडीएफमध्ये जाऊन बसतं. विझडल सर्व्हरवर आणि करार कायदा विभागाच्या कपाटात. प्रणाली चालवणाऱ्या मुलीने तो करार पाहिलेला नसतो, आणि करार लिहिणाऱ्याने आलेख पाहिलेला नसतो. वचन पाळलं जातंय का हे ज्यांना कळू शकतं, त्यांना वचन काय दिलंय हे ठाऊक नाही. ही मला आपल्या व्यवसायातली खरोखर दुखरी जागा वाटते.

विझडलचा वारसा आता ओपनएपीआय या वर्णनभाषेकडे आहे. स्वॅगर या नावाने ती वाढली, 2015 च्या अखेरीस लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आली. अंगाने सडपातळ, माणसालाही वाचता येते, नवी मुलं तिच्यावर खूश आहेत आणि त्यात गैर काही नाही. पण शेअरच्या भावाचे ते जुने प्रश्न तिला विचारून पाहा. किती वेळात, किती वेळा, कोणाच्या घड्याळाने? ठरलेली जागा तिच्यातही नाही. फक्त एक झरोका आहे: रोमन एक्स आणि आडव्या रेघेने सुरू होणारी कोणतीही ओळ आपण आपल्या मनाने जोडू शकतो.

मी त्या झरोक्याचा वापर करतो. आमच्या सेवांच्या फाइलीत प्रत्येक कामाखाली तशा चार ओळी असतात. कोणतं माप, शंभरातल्या किती उत्तरांसाठी, किती दिवसांच्या हिशोबात, आणि कुठे बसून मोजलेलं. जगातलं कोणतंही तयार साधन या ओळी वाचत नाही. आमची एक छोटी स्क्रिप्ट वाचते. रोज सकाळी ती या ओळी मोजमापाच्या नोंदींशी ताडून पाहते, आणि फरक पडला तर सेवा वापरणाऱ्या टीमला आणि सेवा चालवणाऱ्या टीमला एकाच वेळी तोच निरोप जातो.